साहेबांच्या रेघेविषयी खुलासा

“ते स्वतःला नदीमार्गे होणाऱ्या अमली पदार्थांच्या तस्करीचे तज्ज्ञ म्हणवून घेत. पुलाउ उबीनच्या सहलीहून परतताना त्यांनी आम्हां बाराजणांना भर उन्हात तासभर होडीत बसवून ठेवले, सर्वांच्या पिशव्या उघडायला लावल्या, आणि सापडल्या त्या अर्धा डबा चकल्या. ज्या रेघेचा त्यांनी आयुष्यभर डांगोरा पिटला, ती त्या दिवशी सर्वांदेखत खोटी ठरली. नोकरीच्या काळात एका प्रकरणात आरोपी म्हणून त्यांचे नाव आले होते, असेही ऐकिवात आहे. असो. एक गमतीदार वल्ली म्हणून ते आमच्या कायम स्मरणात राहतील.”

हा मजकूर सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत, उपवासाच्या थालीपिठाची कृती आणि एका दंतवैद्याची जाहिरात यांच्यामध्ये, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ या मथळ्याखाली छापून आला आहे. लेखक आमचे माजी अध्यक्ष आहेत. त्यांची सारी हयात बँकेच्या वातानुकूलित मजल्यांवर गेली असून पाण्याशी त्यांचा संबंध त्यांच्या काँडोच्या तरणतलावापुरता, आणि तोही गुडघ्यापर्यंतचा आहे. मी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. श्रद्धांजलीला उत्तर देऊ नये हा संकेत मला ठाऊक आहे. परंतु श्रद्धांजलीच्या आडून बदनामी करू नये हाही एक संकेत आहे, आणि तो आधी त्यांनी मोडला.

प्रथम किरकोळ गोष्टी. साहेबांनी बाराजणांना बसवून ठेवले नाही. अकराजणांना ठेवले, बारावे ते स्वतः होते. तासभर नव्हे, बेचाळीस मिनिटे. भर उन्हात नव्हे. त्या होडीला छत होते, आणि अध्यक्षांकडे त्याखेरीज बॅटरीवर चालणारा हातपंखाही होता. चकल्या अर्धा डबा नव्हत्या, सात होत्या, त्यांतली एक मोडकी. ज्याला चकल्या मोजता येत नाहीत त्याने माणसाचे मोजमाप करण्याच्या भानगडीत पडू नये. उरतात ते दोन आरोप: साहेब आरोपी होते, आणि साहेबांची रेघ खोटी ठरली. दोन्हींना मी उत्तर देणार आहे. ते देण्याचा अधिकार या शहरात माझ्याइतका दुसऱ्या कोणाला नाही. का, ते शेवटी कळेल.

अलेक्झांड्रा भागातल्या एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर आमचे कार्यालय होते. दूरच्या जंगलांतून वाहणाऱ्या एका मोठ्या नदीने ज्या देशांच्या सीमा आखल्या आहेत, त्या देशांचे नदी-पोलीस तिथे सहा-सहा आठवड्यांच्या शिक्षणाला येत. त्यासाठी सिंगापूरच का निवडले, याचे उत्तर मला कधी मिळाले नाही. आमच्या खिडकीतून दिसणारे वाहते पाणी म्हणजे सिमेंटचा एक कालवा होता. साहेब शिकवत, आणि त्यांचे शिकवणे मी इंग्रजीत हस्तपुस्तिकेच्या रूपाने लिहून काढीत असे. ते मला ‘संपादक’ म्हणत. मी त्यांना ‘साहेब’ म्हणे. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या हाताखाली नव्हता, म्हणूनच आमचे जमले.

ते मूळचे साताऱ्याकडचे, कस्टम्स खात्यातले. वीसबावीस वर्षे ईशान्येच्या नदीकाठच्या चौक्यांवर, मग त्या मोठ्या नदीवर प्रशिक्षक म्हणून, आणि अखेरीस आमच्याकडे. उंच, वाळलेले, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यातले. सदऱ्याच्या खिशात, जिथे इतर लोक पेन ठेवतात तिथे, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला पांढऱ्या खडूचा तुकडा असे. त्यांच्या साऱ्या शास्त्राला एवढेच साहित्य लागे.

ते शास्त्र असे. तिकडे माल येतो तो लहान होड्यांतून: तांदळाच्या पोत्यांखाली नशेच्या गोळ्यांच्या थैल्या, पोकळ बांबूंत, डिझेलच्या दुहेरी तळाच्या पिंपांत. पोलीस विचारतो, होडीवाला सांगतो, तांदूळ. पोलीस एक पोते उसवतो, तांदूळ निघतो, होडी जाते. साहेब पोते उसवत नसत आणि प्रश्नही विचारत नसत. ते रिकाम्या होडीच्या दोन्ही अंगांना, पाणी लागते तिथे, खडूची एकेक रेघ मारून ठेवीत. भरल्यावर होडी किती बसली ते पाहत. सांगितलेल्या मालापेक्षा ती अधिक बसली तर आत न सांगितलेला माल आहे. आणि एकाच अंगाला अधिक बसली तर तो कुठे आहे हेही कळले. कारण लपवणारा माणूस लपवलेल्या वस्तूपासून दूर बसूच शकत नाही, आणि होडी त्या बाजूला कान लावते.

“माणूस खोटं बोलतो,” ते वर्गात सांगत, “कुत्रा दमतो, यंत्राला वीज लागते. पाणी कुणाच्या पगारावर नाही.”

शेवटचे वाक्य मी इंग्रजीत आणू पाहिले, तेव्हा एका देशाच्या प्रतिनिधीने लेखी हरकत घेतली की त्यांच्या देशात पाणी हे खात्याच्या अखत्यारीत येते.

नदी नसल्यामुळे प्रात्यक्षिके कालव्यावर होत. साहेब हॉकर सेंटरमधून चिकन राइसचे आठ-दहा डबे बांधून घेत, प्रत्येकावर रेघ मारीत आणि ते एका दोरीला बांधून कालव्यात सोडीत. त्यांतल्या एका डब्यात भाताखाली खिळे पुरलेले असत. चार देशांचे फौजदार काठावर उकिडवे बसून भाताचे डबे तरंगताना एकाग्रतेने पाहत. येणारेजाणारे आदराने बाजूने जात; हा काही तरी विसर्जनाचा विधी असावा असे त्यांना वाटे. एका म्हाताऱ्या बाईंनी हात जोडले. साहेबांनी त्यांना डब्यांच्या रेघा दाखवून खिळ्यांचा डबा ओळखायला सांगितले, आणि बाईंनी तो पहिल्या फटक्यात ओळखला. “फौजदारांपेक्षा बरी,” साहेब मला म्हणाले. पुढे प्रत्येक तुकडीत ते तिची आठवण काढीत.

राहायला ते बुकित बातोकला, एकटेच. त्यांच्या इमारतीच्या लिफ्टशेजारी भिंतीवर एके दिवशी खडूच्या बारीक रेघा दिसू लागल्या. लिफ्ट भरली की तिची जमीन मजल्याच्या पातळीपेक्षा किती खाली येते, याची ती नोंद होती. पंधरा दिवसांत साहेबांना कळले की अकराव्या मजल्यावरचे एक सद्गृहस्थ जाताना हलके असतात आणि येताना फार जड. चौकशीअंती ते गृहस्थ व्यायामशाळेतली वजने एकेक करून घरी आणीत असल्याचे उघड झाले. त्याच सुमारास इमारतीत सूचना लागली: भिंतीवर रेघा ओढणाऱ्या व्यक्तीवर कारवाई होईल. साहेबांनी त्या सूचनेचे छायाचित्र काढून वर्गात दाखवले. “पाहा,” ते म्हणाले, “प्रशासनाला रेघ दिसली. वजन दिसलं नाही.”

आता आरोपी असण्याविषयी. होय, त्यांचे नाव आरोपीच्या रकान्यात आहे. मी ती कागदपत्रे माझ्या हातांनी हाताळली आहेत. त्या रकान्यात ते नाव लिहिणारे अक्षरही साहेबांचेच आहे.

त्यांची चौकी नदीच्या एका वळणावर होती. जवळच्या तालुक्याला जायला दोन दिवस होडीने जावे लागे. चौकीची एक गस्तीची होडी होती. इतर होड्यांप्रमाणे साहेबांनी तिलाही रेघा मारल्या होत्या आणि रोज सकाळी ते त्या पाहत. एका सकाळी, अद्याप कोणी पाऊलही ठेवलेले नसताना, गस्तीची होडी तीन बोटे खाली बसलेली आढळली. फळ्या उचलल्या. खाली थैल्या. गोळ्यांच्या, ओळीने, पावसापाण्यापासून नीट गुंडाळलेल्या.

त्या नदीवर कोणीही अडवत नाही अशी एकच होडी आहे, हे लोकांच्या ध्यानात आले होते. माल चौकीच्या धक्क्यावर चढे, गस्तीबरोबर सरकारी डिझेलवर खाली जाई, आणि गस्त ज्या गावी चहाला थांबे तिथे उतरे. आदल्या दिवशी गस्त चहाला थांबली नव्हती, म्हणून तो आतच राहिला होता.

साहेबांनी स्वतःची होडी जप्त केली. पंचनामा लिहिला. ‘वाहनाचा प्रमुख’ या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. तेच नाव नियमानुसार ‘आरोपी’च्या रकान्यात आणि तेच ‘तपास अधिकारी’ या रकान्यात आले. मग त्यांनी स्वतःला समन्स काढले, पोच सही करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता स्वतःचा जबाब नोंदवला. जबाबाच्या अखेरीस प्रश्न आहे: आणखी काही सांगायचे आहे काय? उत्तर: “तपास अधिकारी प्रामाणिक दिसतो, परंतु तो ज्यावर बसतो त्याच्या खाली पाहत नाही.”

आता हे कागद वर पाठवायचे, तर होडी जप्त. नऊ दिवसांनी तांदळाच्या व्यापाऱ्याची होडी आली. साहेबांनी तिच्या रेघा पाहिल्या. तीही खाली बसलेली. तीही जप्त केली. त्यामुळे चौकीवर दोन होड्या, दोन गुन्हे, एक आरोपी-कम-अधिकारी आणि एक रागावलेला व्यापारी, असे सर्वजण व्यापाऱ्याचाच तांदूळ खात आणखी बारा दिवस राहिले. त्या तांदळाचा वेगळा पंचनामा रोज होत असे. अखेर म्हशी घेऊन जंगलवाटेने निघालेल्या एका माणसाबरोबर फाइल गेली. चौकशी होऊन माल चढवणारे चौकीतले दोघे पकडले गेले, आणि साहेब एका ओळीत निर्दोष सुटले. दुसऱ्या ओळीत, एका गुन्ह्यासाठी एवढे कागद वापरल्याबद्दल त्यांना समज देण्यात आली. अध्यक्षांच्या ऐकिवात पहिली ओळ आली नाही, कारण ते ऐकतात तेवढेच जेवढे पंक्तीत वाढले जाते.

या प्रकरणातून साहेबांचा पहिला नियम निघाला. हस्तपुस्तिकेच्या पहिल्या पानावर मी तो ठळक अक्षरांत घातला होता: तपासणाऱ्याला आधी तपासा. दर तुकडीच्या पहिल्या तासाला ते सर्वांसमोर आपले खिसे उलटे करून दाखवीत. खडू, रुमाल, मेट्रोचे कार्ड. मगच शिकवायला सुरुवात.

दर गुरुवारी ते क्वीन्सटाउनला आमच्याकडे जेवायला येत. माझी पत्नी करील ते मुकाट्याने खात, चटणीचा अपवाद. “वहिनी,” ते म्हणत, “मिक्सर चटणी करत नाही. जिन्नस हजर असल्याची नोंद तेवढी घेतो.”

“पाटा आणून द्या आणि मग बोला,” ती म्हणे.

“विमानातून पाटा आणायचा तर विमानाला रेघ मारावी लागेल.”

“तुम्हां दोघांत मिळून एक दगड आणवत नाही, आणि निघालेत सीमा राखायला.”

हे ती हसत म्हणे, पण दर गुरुवारी म्हणे. एखादे वाक्य दर गुरुवारी ऐकले की ते विनोद राहत नाही.

मग हस्तपुस्तिकेची नवी आवृत्ती निघायची वेळ आली. आमचे संचालक म्हणजे इथलेच एक मितभाषी चिनी गृहस्थ. त्यांचे म्हणणे, आता ड्रोन आले, क्ष-किरणांची यंत्रे आली. पाण्याच्या रेघेचे प्रकरण काढून टाकावे. तेवीस पानांचे प्रकरण. साहेबांचे तीस वर्षांचे काम एवढेच काय ते कागदावर होते. बाकी सारे ज्या त्या होडीवर उमटून पाण्याने धुऊन गेले होते. क्ष-किरणांचे यंत्र दोन दिवसांच्या वाटेवरच्या चौकीत कोण नेणार आणि कोणत्या विजेवर चालवणार, असे साहेबांनी विचारले. संचालक म्हणाले, बरे, एकदा मला दाखवा. डोळ्यांनी पाहिले तर ठेवीन.

साहेबांनी आमच्या मंडळाची श्रावणातली सहल निवडली. चांगीच्या धक्क्यावरून उबीन बेटावर जाणारी लाकडी होडी बारा माणसे भरली की सुटते. बारा माणसे जाणार, तीच बारा परत येणार. माल मुद्दाम ठेवायचा नाही; “ठेवलेला माल शोधला तर ठेवणाऱ्याची परीक्षा होते, रेघेची नाही,” असे त्यांचे मत. त्यांना उलटे दाखवायचे होते. प्रामाणिक होडी जाताना जिथे बसते, येतानाही केसभर इकडेतिकडे न होता तिथेच बसते, हे एकदा संचालकांनी पाहिले की काम झाले.

मंडळींना सूचना अशा होत्या. येताना तीच होडी, तीच जागा, तीच पादत्राणे. कचरा टाकायचा नाही, सोबत आणायचा. जेवण संपल्याने वजन कमी होत नाही, ते डब्यातून पोटात जाते एवढेच, हे त्यांनी धक्क्यावर उभे राहून समजावले. प्रातर्विधीविषयी ते सभ्यपणे काही बोलले नाहीत, पण त्याची वजावट त्यांनी मनात धरलेली होती. प्रत्येकाच्या पायांभोवती फळ्यांवर खडूने चौकोन आखले. होडीवाला, सत्तरीचा एक चिनी अंकल, आपल्या होडीत हे शाळेचे अंगण तयार होताना बघत होता. त्याने मला विचारले, “युअर फ्रेंड टीचर, इज इट?”

मी म्हणालो, “पोलीस.” तो म्हणाला, “सेम लाह.”

मी आणि पत्नी मागच्या बाकावर, डाव्या अंगाला. मंडळाच्या सतरंज्या माझ्या ताब्यात असत. त्यांची चाकांची मोठी पिशवी माझ्या पायाशी. संचालक मधोमध, अध्यक्ष समोर पंख्यासह. साहेबांनी हात गुडघ्यांवर ठेवायला लावले, सात लाटा जाऊ दिल्या आणि वाकून दोन्ही अंगांना रेघा मारल्या. बारकाईने, स्वच्छ. संचालकांनी मोबाइलवर छायाचित्रे घेतली.

बेटावर पुरीभाजी झाली, भेंड्या झाल्या. काहीजण सायकली घेऊन हिंडले. मीही भाड्याची सायकल घेऊन जुन्या खाणींकडे जाऊन आलो. तिथे खाणींची तळी झाली आहेत. सारे बेटच ग्रॅनाइटचे. वाटेच्या कडेला फुटके कातळ पडलेले, आणि काहीही उचलून नेऊ नये अशी चार भाषांतली पाटी. पाटी मी पूर्ण वाचली.

परतताना सर्वजण आपापल्या चौकोनांत बसले. हात गुडघ्यांवर. साहेब आधी उजव्या अंगाला वाकले. त्यांची रेघ पाण्यापासून बोटभर वर आली होती. मग ते डावीकडे आले. तिथली रेघ बोटभर पाण्याखाली होती.

साहेब आनंदले, असे अध्यक्ष खासगीत सांगत असतात. साफ खोटे. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. त्या माणसाचा चेहरा एवढासा झाला. त्यांना त्या दिवशी काहीही सापडायला नको होते.

“माल आहे,” ते हलकेच म्हणाले. “डाव्या अंगाला. होडी हलवू नका.”

मग त्यांनी खिसे उलटे केले. खडू, रुमाल, कार्ड. आपली पिशवी माझ्यापुढे धरली. “संपादक, तुम्ही तपासा. तुमच्यावर माझा विश्वास आहे.”

मी तपासनीस म्हणून काम केले, आणि चोख केले. एक एक पिशवी उघडली; अस्तर, कप्पे, पाण्याच्या बाटल्यांची बुडे. सात चकल्या पत्नीच्या डब्यात मिळाल्या. ती तपासणीभर समुद्राकडे पाहत होती. अध्यक्षांच्या पिशवीत, दुहेरी फॉइलमध्ये, टोपीखाली, चिकनचे दोन करीपफ मिळाले. श्रावणात, मंडळाच्या शाकाहारी सहलीत, खुद्द अध्यक्षांच्या. स्मरणिकेतल्या मजकुरात त्यांचा उल्लेख का नाही हे वाचकांनी ठरवावे. होडीत कुजबुज झाली. साहेबांनी एका वाक्यात ती थांबवली.

“हे जातानाही होते. हा माल नव्हे, ही भूक आहे.”

अध्यक्षांना त्या दिवशी माफ करणारा एकटा तो माणूस होता, आणि त्याच्यावर त्यांनी असा मजकूर लिहिला.

अंकलने दोनदा विचारले, “कॅन गो ऑर नॉट?” संचालकांनी तेवढ्यात चार चकल्या संपवल्या होत्या, साहेबांनी ते वजन चकल्यांच्या बाजूवरून संचालकांच्या बाजूला वळते केले. अकरावी पिशवी मी बंद केली आणि मान हलवली. संचालकांनी घड्याळ पाहिले.

“नथिंग, अह?”

साहेब डाव्या अंगाला जाऊन परत वाकले. बराच वेळ पाहत राहिले. रेघ पाण्याखालीच होती. मग ते सरळ झाले आणि इंग्रजीत, प्रत्येक शब्द वेगळा करून बोलले, “देन आय ॲम राँग.”

त्यांनी खिशातून रुमाल काढला, हात पाण्यात घालून डाव्या अंगाची रेघ पुसली. मग उजवीकडची पुसली. आमच्या पायांभोवतीचे चौकोन पुसत गेले. प्रत्येकाला पाय उचलायला सांगताना ‘क्षमा करा’ म्हणत होते. तीस वर्षांत या माणसाने स्वतःच्या हाताने रेघ पुसल्याचे मी ऐकलेले नाही.

सोमवारी मी हस्तपुस्तिकेतून तेवीस पाने काढली. ते संपादकाचे काम होते. दुसरे कोणी ते तितक्या सफाईने करू शकले नसते. शिवण कुठेही दिसत नाही.

विद्यापीठातल्या आमच्या एका पोस्टडॉक मुलाने नंतर मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तीन परिच्छेद लिहिले: लाटा, वारा, आणि कोणी तरी बूड सरकवले असणार. हा मुलगा सहलीला आलेला नव्हता. मी त्याला तिथेच उत्तर दिले की बारा माणसांची बुडे चौकोनांत होती आणि साहेबांनी सात लाटा मोजल्या होत्या. ज्याने एकही मोजली नाही त्याने सिद्धान्त मांडू नये. त्याने अंगठा पाठवला. इकडे तो होकार समजतात.

पुढच्या गुरुवारी साहेब येतील असे मला वाटले नव्हते. धक्क्यापासून त्या गुरुवारपर्यंत पत्नी माझ्याशी बोलत नव्हती; कारण घरगुती. ते नेहमीच्या वेळी आले, पानावर बसले. त्यांनी भाकरीचा पहिला तुकडा चटणीला लावून तोंडात घातला आणि थांबले. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा चटणी मागून घेतली. मग हात धुवायला म्हणून स्वयंपाकघरात गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. नळाचा आवाजही आला नाही. आले तेव्हा हात कोरडे होते.

“वहिनी,” ते म्हणाले, “आता ही चटणी झाली.”

पत्नी पदराने डोळे पुसत आत गेली. मिरची जास्त झाली होती, असे तिने नंतर सांगितले.

मी त्यांना लिफ्टपर्यंत पोचवायला गेलो. ते सवयीने लिफ्टची जमीन आणि मजल्याची कड पाहत होते. खिशात हात गेला, खडू अर्धा बाहेर आला, आणि त्यांनी तो परत ठेवला.

“संपादक, प्रकरण काढलंत ते बरं केलंत,” ते म्हणाले. “पहिला नियम मीच मोडला. अशा माणसाचं पुस्तक फौजदारांनी वाचू नये.”

मी लिफ्टचे बटण दाबून धरले होते, ते सोडले. दार बंद होताना ते म्हणाले, “गुरुवारी येतो,” आणि गेल्या वर्षी जाईपर्यंत ते दर गुरुवारी आले. चटणीला त्यांनी पुन्हा नाव ठेवले नाही. रेघेविषयी आमच्या घरात पुन्हा बोलणे झाले नाही. गेले त्या दिवशी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात खडू होता, आणि त्याचे टोक झिजलेले नव्हते.

अध्यक्षांना माझे एवढेच सांगणे आहे. मी तपासलेल्या अकरा पिशव्यांबद्दल मी एक अक्षरही मागे घेत नाही. त्यांत न्यायचे नसलेले काही नव्हते. बारावी कोणी तपासली नाही. त्या दिवशी परतताना माझ्या पायाशी, डाव्या अंगाला, सतरंज्यांच्या घडीत, खाणीच्या वाटेवरून मी उचललेला एकोणीस किलोंचा सपाट दगड होता, आणि तो आजही आमच्या ओट्यावर आहे.